दानातलं विमान

लोटूभाऊंना विमान द्यायचं, हे मथुराबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. लोटूभाऊंना जाऊन तेव्हा वर्ष भरत आलं होतं, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि विमान ज्याने केलं त्या गिरधरला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. बहादरपुरात धाकट्या भावाला विचारायची पद्धत नाही, मग तो धाकटा साठीच्या पुढे का गेलेला असेना.

वर्षश्राद्धाला तिथे शय्यादान करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने खाट, गादी, चादर, छत्री, चपला, तांब्या आणि हल्ली टेबलफॅनसुद्धा गुरुजींना देतात. सामान जातं गुरुजींच्या घरी, पण पोचतं वर. माणसाला जे आवडायचं तेही त्यात घालायचं. मागे एका घरातून बाजाची पेटी गेली, एका घरातून पत्त्यांचा जोड गेला. कसं पोचतं, कोण पोचवतं, असल्या चौकशा कोणी करत नाही. करणाऱ्याला शेवटच्या पंगतीत बसवतात आणि तोवर भजी संपलेली असतात.

मथुराबाई म्हणजे लोटूभाऊंची बायको. भिंतीपलीकडेच राहायच्या. त्या दिवशी कढीपत्ता मागायला आल्या, तर दीर खिडकीपाशी टेबलावर वाकून विमानाच्या शेपटीला काहीतरी करत होता.

"झालं का मंग तयार?" त्यांनी विचारलं. "बरसीले पाहिजे."

"बरसीले? कशाले, वहिनी?"

"द्यायले. त्यायले." कढीपत्ता पदरात बांधत त्या म्हणाल्या. "तिकडे नुसते बसून राह्यले असतील. हाताले काम नाही काही नाही."

आणि त्या गेल्या. गिरधरच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

आता हे विमान कुठून आलं ते सांगायला हवं. लोटूभाऊ हवाई दलात फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत ज्या विमानांवर त्यांनी काम केलं ते नॅट, एका वैमानिकाचं, लहानखुरं लढाऊ विमान. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी कुठूनसा त्याच विमानाचा खोका मागवला होता. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीक बारीक भाग. ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे, की खऱ्याच्या अठ्ठेचाळीस पट लहान, वीतभर लांबीचं नॅट तयार. लोटूभाऊंनी खोका उघडला, सूचना वाचल्या, खोका बंद केला. दर दिवाळीला ते हेच करायचे. "करू निवांत," म्हणायचे. पण गावभरच्या मोटारी, पंखे, इस्त्र्या दुरुस्तीला त्यांच्याकडे यायच्या, त्यामुळे निवांत असं काही त्यांना मिळालं नाही. मग एके सकाळी चहा घेऊन ओसरीवर बसले ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर मथुराबाई कपाट आवरत होत्या. खोका कोणाच्या तरी नातवाला खेळायला जायच्या बेतात होता. "राहू द्या, मी बघतो," गिरधर म्हणाला. का म्हणाला ते त्याला सांगता आलं नसतं. जन्मभर त्याने केळीची बाग केली होती. आता बाग धर्मेंद्र, त्याचा मुलगा, बघायचा आणि दुपारी गिरधरला जेवण झाल्यावर जेवण पचण्याची वाट बघण्यापलीकडे उद्योग नव्हता. पण उद्योग पाहिजे म्हणून माणूस विणकाम शिकत नाही, आणि गिरधरची बोटं पाहता विणकाम परवडलं असतं.

पहिलाच भाग पायलटच्या खुर्चीचा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो विमान सोडून गिरधरच्या अंगठ्याला चिकटला. सुटेना. तसाच तो जेवायला बसला.

"अहो, बोटाले काय लागलं?" शांतानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"खुर्ची."

"कोणाची?"

"पायलटची."

शांतानं भाकरी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाई प्रत्येक उत्तराचा पाठपुरावा करत बसत नाही.

हळूहळू त्याला जमायला लागलं. भाग कापायला नेलकटर, धरायला शांताचा भुवया कोरायचा चिमटा, आणि विमानाच्या दोन फाका गोंद वाळेपर्यंत दाबून धरायला कपड्यांचे चिमटे. त्या दिवशी बाहेर वाळत घातलेला एक सदरा वाऱ्यानं शेजारच्या गोठ्यात गेला. मोबाईलवर एक गोरा माणूस हे सगळं करून दाखवायचा, घरात तान्हं मूल झोपलंय अशा आवाजात बोलायचा. तो काय म्हणतो ते धर्मेंद्र येता-जाता बुऱ्हानपूरच्या बाजारातल्या अर्ध्या हिंदीत सांगायचा.

"पप्पा, ये बोल रहा है, नाकात वजन टाका. नाही तो पूँछ पे बैठ जाएगा."

गिरधरनं ते मनावर घेतलं नाही. विमान बंद करून चाकांवर उभं केलं, आणि ते शेपटीवर बसलं, नाक वर करून, भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं. मग पुन्हा फोडलं, नाकात सायकलचे छर्रे भरले, पुन्हा बंद केलं. चाकं लावायची ती अगदी शेवटी, हेही तेव्हाच कळलं, म्हणून लावलेली चाकं काढून डबीत ठेवली. फटीवर पुट्टी, पुट्टीवर पॉलिश पेपर, त्यावर हिरवा आणि राखाडी रंग. पंखांवर तिरंगी चक्रं पाण्यात भिजवून सरकवून बसवली, त्यातलं एक आधी त्याच्या मनगटावर बसलं होतं.

इंजिनाखाली तेलाचे ओघळ दाखवायला गोरा माणूस एक महागडी बाटली वापरत होता. गिरधरनं बाटलीचं नाव विचारलं नाही. तो बागेत गेला, केळीच्या घडाचा दांडा कापून वाटीत चीक धरला, पाणी घालून ब्रशनं लावला. केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा फाटतो पण डाग जात नाही, हे बहादरपुरात रांगणाऱ्या पोराला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी नॅटच्या पोटाला काळपट तपकिरी ओघळ आले होते आणि ते विमान दोन लढाया करून आल्यासारखं दिसत होतं. गिरधरनं ते किती वेळ हातात धरून पाहिलं कोण जाणे. शांतानं चहा परत गरम केला.

आणि याच पोटाशी काम करताना त्याला एक गोष्ट कळली. लोटूभाऊंच्या उजव्या हाताच्या सांध्यांवर जुने व्रण होते. गिरधरला लहानपणापासून वाटायचं, मारामारीतले असतील, मोठा भाऊ म्हणजे असं काहीतरी करणारच. आता ते एवढंसं झाकण उघडून आत तांब्याची तार बसवताना त्याच्या ध्यानात आलं, की खऱ्या विमानातसुद्धा ही जागा फार तर तळहाताएवढी असणार. तिथं माणसाचा हात जायचा तर थोडं कातडं बाहेर ठेवूनच जायचा. गिरधर उगाच स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. दोघं भाऊ बोलायचे ते विहिरीचं पाणी, केळीचा भाव आणि कोणाच्या लग्नाला कोणी जायचं यावर. भाऊ तिकडे काय करतो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची लोटूभाऊंना सवय नव्हती. भाऊ असताना झाली नव्हती एवढी ओळख या वर्षात होत होती. त्याचं गिरधरला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि दुपार झाली की पाय आपोआप खिडकीकडे वळायचे.

म्हणून विमान द्यायचं त्याच्या जिवावर आलं. भाऊ एकदा गेला होता, तेवढं पुरे होतं.

पण वहिनीला नाही कसं म्हणायचं? जिचा नवरा गेला तिला, हे माझ्याकडे राहू द्या, असं कोणत्या तोंडानं सांगणार? तेव्हा गिरधरनं काम लांबवायला घेतलं. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून पायलटच्या खुर्चीला पट्टे केले. डॅशबोर्डवर सुईच्या टोकानं काटे काढले, जे कोणाला दिसणार नव्हते. मथुराबाई कधी कोथिंबिरीला, कधी विरजणाला यायच्या.

"झालं का?"

"थोडं राह्यलं, वहिनी."

"काय राह्यलं?"

"आतलं."

"आतलं कोण पाहते?"

"भाऊ पाहतील ना," गिरधर एकदा बोलून गेला, आणि स्वतःच्या हातानं दान पक्कं करून बसला. मथुराबाईंना ते पटलं. त्या दिवशी त्यांनी विरजणाची वाटी धुऊन परत केली, जे त्या सहसा करत नसत.

शेवटी गिरधर बुऱ्हानपूरच्या इतवारा पेठेत पंकज गुरुजींकडे गेला. जाताना मावा जलेबी घेतली. गुरुजी तरुण होते, वडिलांकडून यजमान आणि घर असं दोन्ही मिळालेलं. घर कापडाच्या दुकानावर होतं आणि जिन्यातून वर जायचं तर भिंतीला उभ्या केलेल्या खाटांमधून अंग चोरून जावं लागायचं. वर गाद्यांची चळत छतापर्यंत होती. गुरुजी एका टेबलफॅनच्या वाऱ्यात बसले होते आणि बाकीचे तीन त्यांच्याकडे बघत होते.

"गुरुजी, दानात विमान चालते का?"

"उडणारं?"

"नाही. शोभेचं. नॅट."

"चालतं, काका. श्रद्धेनं दिलं की काहीही चालतं." गुरुजींनी जलेबी तोडली. "मागे एकांनी ट्रेडमिल दिली. अजून जिन्याच्या खाली आहे."

"आणि न चालणारं काय असते?"

गुरुजी विचारात पडले. न चालणारं काय, हे त्यांना बहुधा कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा आशाही दिसली. "खंडित वस्तू चालत नाही," ते म्हणाले. "फुटलेली, मोडलेली, अपुरी. तेवढं एक आहे."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

गिरधरनंही एक जलेबी उचलली. गोड त्याला डॉक्टरांनी बंद केलं होतं, पण शास्त्राचा आधार मिळालेल्या माणसाला डॉक्टरांचं भय वाटत नाही.

घरी येऊन त्यानं विमान झपाट्यानं पुरं केलं. आता लांबवायचं कारणच उरलं नव्हतं. मागची दोन चाकं बसली, चाकांची दारं बसली, काच बसली, वरून बिनचकाकीच्या वार्निशचा हात फिरला. फक्त पुढचं चाक त्यानं लावलं नाही. ते मुगाएवढं चाक त्याच्या दांडीसकट कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. नॅट नाक टेबलाला टेकवून उभं राहिलं, देवापुढे वाकल्यासारखं. गिरधरला जराशी लाज वाटली. पण विमान राहणार होतं, आणि लाजेचं काय, ती चार दिवसांत जाते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दोन्ही घरांपुढच्या अंगणात खाट घातली, त्यावर गादी, चादर, उशी. छत्री, चपला, तांब्या, फॅन. नातेवाईक कडेनं बसले होते आणि खाटेचं लाकूड कोणतं यावर दबक्या आवाजात मतभेद चालले होते. पंकज गुरुजींचे मंत्र संपत आले तसं मथुराबाईंनी मान वळवली.

"गिरधरभाऊ, आणा ते."

गिरधर आत गेला, ताटलीत ठेवलेलं नॅट घेऊन आला. सगळ्यांच्या माना उंचावल्या. कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर खरंखुरं वाटून राह्यलं." गिरधरला आनंद झाला आणि तो त्यानं गिळला.

"वहिनी," तो मोठ्यानं म्हणाला, कारण हे हळू बोलण्यासारखं नव्हतं, "याले पुढचं चाक नाही. हारपलं. खंडित हाय. खंडित चालत नाही म्हणतात."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खाटेकडे पाहिलं, जिना आठवला असावा, आणि ठामपणे मान हलवली. "बरोबर आहे. खंडित वस्तूचं दान होत नाही."

मथुराबाई उठल्या. ताटलीजवळ आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि ते विमान त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. नाक टेकलेलं, पोटावर चिकाचे ओघळ असलेलं. बराच वेळ पाहिलं. खाटेच्या लाकडाचा वादही थांबला.

"चांगलंच झालं मंग," त्या म्हणाल्या.

"काय चांगलं?"

"ते फिटर होते का पायलट?"

"फिटर."

"मंग सगळं नीट असलेलं विमान त्यायच्या पुढ्यात नेऊन ठेवलं तर काय करतील ते? हात बांधून बसतील?" मथुराबाई आता दिराशी बोलत होत्या की सगळ्यांशी, ते कळत नव्हतं. "घरात सगळं धड चालून राह्यलं की त्यायचा जीव घाबरा व्हायचा. नवीन मिक्सर आणलं, त्याच दिवशी खोललं. काही मोडलेलं नसलं की पार बुऱ्हानपूरपर्यंत चक्कर मारून यायचे, कोणाचं काय मोडलं पाहायले. मंग मी नळाचा वायसर काढून ठेवायची."

"वायसर?" शांता म्हणाली.

"हो. डब्यात लपवून ठेवायची. नळ गळायले लागला की बसायचे घरी. दुपारभर. मी इकडे स्वयंपाक करायची, ते तिकडे खुडखुड करायचे. बोलणं काही नाही. पण घरात होते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मग तोच हात गिरधरपुढे केला, तळवा वर करून. "द्या."

"काय, वहिनी?"

"चाक."

गिरधरनं खिशात हात घातला. कागदाची पुडी निघाली. मथुराबाईंनी ती उघडून पाहिली नाही. नुसती मुठीत धरली, आणि त्या मुठीत काय आहे आणि का आहे हे त्या बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे गिरधरला तिच्या डोळ्यांत दिसलं. राग नव्हता तिथं. वायसर लपवणारी बाई चाक लपवणाऱ्यावर कशी रागावणार?

"पण काकू, शास्त्रात..." पंकज गुरुजी म्हणाले.

"शास्त्रात फिटरचं काय लिहिलं हाय, गुरुजी?"

गुरुजी प्रामाणिक माणूस होते. त्यांनी आठवून पाहिलं. "माझ्या वाचनात नाही आलं," ते म्हणाले.

मथुराबाईंनी पुडी नॅटच्या नाकाशी ठेवली. तेवढ्यात गिरधर वळला आणि तरातरा घरात गेला. रागावला, असं नातेवाइकांना वाटलं, आणि दोघं-तिघं समजूत घालायला उठलेही. पण तो लगेच बाहेर आला. हातात गोंदाची अर्धी ट्यूब, बारीक कानस आणि शांताचा भुवयांचा चिमटा होता. त्यानं तिन्ही वस्तू ताटलीत एकेक करून मांडल्या. चिमट्याचं टोक विमानाकडे केलं, म्हणजे उचलायला सोपं जाईल. ते करताना त्याला रडू फुटलं. भाऊ गेला तेव्हा लोकांना चहा देण्यात, लाकडं आणण्यात, पाहुण्यांना गाडीवर सोडण्यात त्याचे दिवस गेले होते आणि रडायचं राहूनच गेलं होतं. आता तो सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला, लहान भावासारखा. मथुराबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शांता चिमट्याबद्दल काही बोलली नाही.

गुरुजींनी पाणी सोडलं. टेम्पोत खाट चढली, गादी चढली, फॅन चढला. नॅटची ताटली गुरुजींनी मांडीवर घेतली. एका हातानं ती झाकून धरत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आणि टेम्पो खड्डे चुकवत इतवाऱ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरधर जेवत असताना गुरुजींचा फोन आला. जेवताना तो फोन घेत नसे, पण नाव पाहून घेतला.

"काका, एक विचारायचं होतं," गुरुजी म्हणाले. "ते विमान मी काचेच्या कपाटात ठेवलंय. पण असं नाकावर पडलेलं बरं नाही दिसत. चाक आहे, गोंद आहे. दोन मिनिटांचं काम. मी चिकटवून टाकू का?"

गिरधर ताटावरून उभा राहिला. "नका," तो इतक्या जोरात म्हणाला की शांताच्या हातातला भात सांडला. "गुरुजी, हात लावू नका त्याले."

"अहो, पण का?"

"भाऊ बसवतील."

मग गुरुजी "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला. आपण काय बोललो ते गिरधरच्या तेव्हा लक्षात आलं. ते मागे घ्यावंसं त्याला वाटलं नाही. तो खाली बसला आणि त्यानं शांताकडे पुन्हा भात मागितला.